एकटीची पात

बोरसावंगीतल्या पोरांना प्रयागी हे बाईचं नाव असतं हे ठाऊकच नव्हतं. त्यांच्या लेखी प्रयागी म्हणजे वावरातलं ते काटेरी, जांभळ्या गोंड्यांचं तण. उपटलं की दुप्पट उगवणारं आणि एकदा बोचलं की दिवसभर बोट ठणकवणारं. 'औंदा प्रयागी लई माजली', 'प्रयागीनं ज्वारी खाल्ली', असं गावात सर्रास बोललं जाई. बोलणाऱ्यांपैकी निम्म्यांना प्रयागबाई ढोबळे रोज समोर दिसत होती, पण तीस वर्षांत जिभेला अशी सवय लागली होती की कुणी चपापतही नसे.

चपापायची ती फक्त प्रयागबाई. साठी ओलांडली, डोक्याचा कापूस झाला, तरी तिला सवय झाली नव्हती.

त्यामुळे शेतकी संशोधन केंद्राचं ते यंत्र तिच्या वावरात शिरलं आणि पहिल्याच झुडपापाशी थांबून रेडिओवरच्या निवेदिकेसारख्या गोड आवाजात "प्रयागी. बारमाही तण. मूळ जिवंत आहे," असं म्हणालं, तेव्हा बांधावर बसलेल्या प्रयागबाईनं चहाचा कप खाली ठेवला. यंत्र शेळीच्या करडाएवढं होतं. सहा चाकं, पुढे लांब नाकाड. ते नाकाड जमिनीत खुपसायचं, मुळाचा दोऱ्याएवढा तुकडा ओढून काढायचं आणि तिथल्या तिथे वाचायचं. त्याचं कागदोपत्री नाव मूळवाचक असं होतं. गावानं दुसऱ्याच दिवशी त्याची घूस करून टाकली होती.

"ह्ये कुनी शिकवलं त्याला?" प्रयागबाईनं विचारलं.

"गावातली नावं ते आपणहून गोळा करतं, मावशी. लोक फोनवर जे बोलतात त्यातून," डॉ. सायमा मुल्ला म्हणाली. पोरगी सोलापूरची, तिशीच्या आतली, घुशीच्या मागे मागे चिखलात फिरणारी. "छान नाव आहे, नाही? तीर्थावरून पडलं असेल."

"माझ्यावरनं पडलंय."

सायमाला आधी ती थट्टा वाटली. मग प्रयागबाईच्या तोंडाकडे बघून तिनं हळूच घुशीचा आवाज बंद केला आणि ती बांधावर येऊन बसली. म्हातारीनं तिलाही कपात चहा ओतला. आणि कुणी विचारलंच होतं तर सांगून टाकावं म्हणून सगळं सांगितलं.

तेव्हा ट्रॅक्टर माणसं चालवायची आणि खुरपणी बायका करायच्या. रब्बीची ज्वारी गुडघ्याला लागली की सात-आठ जणी सावडीनं निघत. सावड म्हणजे आज सगळ्यांनी तुझ्या वावरात राबायचं, उद्या माझ्या, परवा तिसरीच्या. मजुरीचं नावच नाही, दिवसाला दिवस फेडायचा. प्रत्येकीची आपली पात, म्हणजे ज्वारीच्या ओळींमधला हातभर पट्टा. सगळ्या शेजारी शेजारी पात धरून उकिडव्या बसत आणि खुरप्यानं तण काढत पुढे सरकत. प्रयागच्या उजव्या हाताला चंद्रकलेची पात ठरलेली. लग्न होऊन दोघी एकाच साली या गावात आल्या होत्या. चंद्रकलेच्या कमरेला बटनांचा मोबाइल खोचलेला असे, त्यात चारच गाणी होती आणि चारही प्रत्येकीला पाठ झाली होती. दुपारी बाभळीखाली भाकरी सोडली की कुणाची चटणी किती जहाल यावरून जुंपायची. हसून हसून उचकी लागायची. प्रयागबाई सायमाला म्हणाली, "पोरी, तसलं हसनं परत न्हाई आलं. मशीन आल्या, हातं मोकळी झाली, पर हसायला शेजारी कोन हाय?"

मग एका हिवाळ्यात तिच्या ज्वारीत हे जांभळे गोंडे फुलले. पाठोपाठ सावडीतल्या सगळ्यांच्या वावरात. आधी कुणाला पत्ताच लागला नव्हता, कारण कोवळेपणी ते हुबेहूब करडईसारखं दिसतं. ज्वारीत करडईचे तास, म्हणजे मधल्या ओळी, असायचेच. एखादं रोप ओळ सोडून उगवलेलं दिसलं तर बाया म्हणत, राहू दे, भाजीला होईल. असं सगळ्यांनी आपल्या हातानं ते राखलं. करडई मुळासकट सटकन उपटते. हे वरून तुटतं, आणि आत पांढरं, बोटाएवढं आडवं मूळ राहून जातं. हा फरक कळेपर्यंत मूळ सगळीकडे पोचलं होतं.

"तुझा नवरा पुण्याहून कसलं बी घेऊन आला, म्हनले. ह्या बाईनं गावाला लावलं, म्हनले. सावडीला बोलवायच्या बंद झाल्या."

"सगळ्या?"

"सगळ्या. चंद्रकला बी. ती तर माझ्या दारावरनं जायची बी बंद झाली." प्रयागबाईनं कप विसळला. "तिचाच काटा लागला, बाकीच्यांचं काय न्हाई."

सायमानं घुशीकडे बघितलं. मग म्हणाली, "मावशी, खरं काय ते मुळातून कळू शकेल."

त्या दिवशी तिनं जे सांगितलं ते प्रयागबाईला पहिल्या झटक्यात कळलं नाही, पण दुसऱ्या दिवशी, मुलासमोर पुन्हा सांगितल्यावर, नीट कळलं. ते असं. या तणात नर झाड वेगळं आणि मादी झाड वेगळं. बोरसावंगीत जे पसरलंय ते एकजात मादी आहे. त्यामुळे त्याला गोंडे येतात, म्हातारीची पिसं उडतात, पण बी पोचट असतं. याचा अर्थ वाऱ्यानं ते एक पाऊलही पुढे गेलेलं नाही. ते गेलं मुळाच्या तुकड्यांतून. नखाएवढा तुकडाही पुरतो. म्हणजे गावातली सगळी प्रयागी हे खरं तर एकच झाड आहे, आणि ते माणसांनीच खुरप्याच्या चिखलातून, लुगड्याच्या काठातून इकडून तिकडे नेलेलं आहे.

"आणि एकीनं दुसरीची ठिपक्यांची रांगोळी उतरवून घेतली की एखादा ठिपका चुकतो ना? तिसरी उतरवते ती चुकीसकट, वर आपली एक चूक घालते. मूळ वाढताना त्याच्या पेशीही आपली प्रत काढतात आणि अशाच बारीक चुका करतात. घूस त्या चुका वाचते. मग कोणतं झाड कोणापासून आलं, साधारण किती वर्षांपूर्वी, ते बाण काढून दाखवता येतं," सायमा म्हणाली.

हा नकाशा हौसेसाठी नव्हता. तणावर सायमाच्या केंद्रानं एक डोस शोधला होता. मुळानं साखर साठवण्याची जी सूचना पेशीत लिहिलेली असते, तीच तो पुसून टाकतो. कळ्या धरल्यावर आणि फूल उमलायच्या आत मूळ सगळ्यात उपाशी असतं. तेव्हा डोस दिला की ते पुन्हा उठत नाही. पण डोस सूचनेच्या अक्षरांवर बेतलेला. वंशाच्या एखाद्या फांदीत ती अक्षरं वेगळी असली तर ती फांदी जगणार आणि दोन-तीन वर्षांत गाव पुन्हा भरणार. म्हणून प्रत्येक वावर वाचायला हवं होतं, आणि सगळ्यात जुनं झाड सापडायला हवं होतं. तोवर कुणी खुरपं लावायचं नाही अशी दवंडी सगळ्यांच्या फोनवर फिरली होती. मूळ तुटलं की डोस पुढे सरकत नाही.

मुलाला, दिगंबरला, डोसाचं फारसं कौतुक वाटलं नाही. त्याच्या डोक्यात बाणच बसले. चालकाविना चालणारे ट्रॅक्टर दुरुस्त करायचं त्याचं दुकान होतं. गडी शांत, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण शाळेत त्याला सगळे 'काट्या' म्हणायचे, प्रयागीचं पोर म्हणून. "आई, एकदाचं कळू दे," तो म्हणाला. "कुणाचं पाप तुझ्या माथी मारलं ते सगळ्या गावाला दिसू दे."

प्रयागबाईलाही तेच हवं होतं. खोटं कशाला बोला. तीस वर्षं भाकरी थापताना तिनं कितीदा तरी मनात ती सभा भरवली होती, जिच्यात लोक माना खाली घालून बसलेत आणि तिचं नाव तिला परत मिळतंय.

आठवडाभरानं सायमा पडदा घेऊन ओसरीवर आली ती जरा ओशाळूनच. नकाशावर सगळ्या गावातले बाण दिसत होते, आणि सगळे निघत होते ते एकाच वावरातून. प्रयागबाईच्या.

दिगंबर उठून उभा राहिला. प्रयागबाईला वाटलं, संपलं. आता यंत्रानंही सांगितलं.

"थांबा," सायमा म्हणाली. "तुमच्या वावरातलं झाडसुद्धा पहिलं नाही. त्याच्या आधीच्या चुका दुसरीकडे झाल्यात. तुमच्या वावरात एक बाण बाहेरून येतो, ओढ्याच्या अंगानं. आणि तिकडे आम्हाला वाचायचं राहिलेलं एकच वावर आहे. त्या बाई घुशीला आत येऊ देत नाहीत."

ओढ्याच्या अंगाला चंद्रकलेचं वावर होतं.

"बघ!" दिगंबर म्हणाला. "म्हणून आडवी पडलीय म्हातारी."

पण प्रयागबाईचं तिकडे लक्ष नव्हतं. तिनं पडद्यावर आपलं वावर मोठं करायला लावलं. नंतरची झाडं सावडीच्या रुंदीनं पसरली होती, सात-आठ पाती शेजारी शेजारी. पण सगळ्यात जुनी झाडं तशी नव्हती. ती एकाच हातभर पट्ट्यात, वावराच्या एका टोकाला जाऊन परत फिरून, पुन्हा जाऊन, पुन्हा फिरून, शेवटपर्यंत गेली होती.

"याचा अर्थ लागत नाही," सायमा म्हणाली. "कुळव फिरला असावा."

"कुळव न्हाई." प्रयागबाईनं तो पट्टा बोटानं गिरवला. "एकटीनं खुरपलंय."

तिला ते साल आठवलं. लग्नाला बारा वर्षं झाल्यावर दिवस राहिले होते. डॉक्टरनं बजावलं होतं, खाटेवरून पाय खाली टाकायचा नाही, नाहीतर हेही मूल जाईल. नवरा पुण्याला कंपनीत. वावरात तण माजलेलं, आणि सावडीला जायची ताकद नाही म्हणून सावड बोलवायचं तोंड नाही. ती पडल्या पडल्या त्या ज्वारीसाठी रडायची. आणि एक दिवस सासऱ्यांनी येऊन सांगितलं, वावर लख्ख झालंय. तिला वाटलं, जाऊबाईनं माणसं लावली. जाऊबाईही कधी नाही म्हणाली नाही. पुढच्या रब्बीत अंग धरल्यावर प्रयागनं आपल्या वावरात सावड बोलावली ती सगळ्यांच्या आधी. आपल्यावर कुणाचं ओझं नको म्हणून.

दुसऱ्या दिवशी ती कुणाला न सांगता ओढा उतरली.

चंद्रकला बांधाजवळ लिंबोणीच्या सावलीला बसली होती. पाठीत वाकलेली, पण नजर तशीच तिखट. प्रयागबाईला बघून तिनं तोंड फिरवलं नाही, एवढंच.

"घूस आनलीस व्हय?"

"न्हाई. एकटीच आलेय."

"बस मग."

प्रयागबाई बसली. तीस वर्षांनी मिळालेला शब्द एवढाच होता. दोघींच्या पुढ्यात कळ्या धरलेली झुडपं माजली होती.

"दिगूच्या वक्ताला माझं वावर तू खुरपलंस," प्रयागबाई म्हणाली.

चंद्रकलेनं हातातली काडी मोडली. "कुनी सांगितलं?"

"मुळानं सांगितलं."

मग चंद्रकला म्हणाली, "तांबडं फुटायच्या आत यायची मी. दिस वर आला की आपल्या वावरात. माझ्या खुरप्याच्या चिखलात काय आलं, त्ये अंधुकात काय दिसतंय? ह्या लिंबोणीची रोपं हमरस्त्यावरच्या रोपवाटिकेतनं आनली व्हती. त्येंच्या पिशवीतल्या मातीत आलं आसनार त्ये. मला तवा काय ठावं?"

"मला का न्हाई सांगितलंस खुरपते म्हनून?"

"सांगितलं आसतं तर खाटंवरनं उठली आसतीस. दिवस फेडायला. तुझं टाळकं मला म्हाईत न्हाई का?"

ते खरंच होतं. प्रयागबाई उठलीच असती.

"आन् मागनं? माझं नाव ठिवलं तवा?"

"तवा बोलनार व्हते. आज बोलते, उद्या बोलते म्हनता म्हनता पोरंबी प्रयागी म्हनाया लागली. मग कुठल्या तोंडानं बोलू? तुझं दार टाळलं."

"मला वाटलं, तुला माझी शिसारी आली."

"माझी मलाच आलती," चंद्रकला म्हणाली आणि पदरानं डोळे पुसायला लागली.

प्रयागबाईला राग आला नाही असं नाही. बाभळीखालच्या किती दुपारी या बाईच्या गप्प बसण्यानं वाया गेल्या होत्या! पण त्याच वेळी तिला दिसत होतं, पहाटेच्या गारठ्यात एक बाई आपली झोप मोडून दुसरीच्या वावरात एकटीच पात धरून बसलीय, आणि शेजारी बोलायला कुणी नाही. रागाचं काय करावं ते तिला कळेना.

"घुशीला येऊ दे, चंद्रे. गावाचं रान सुटंल."

"माझी नात डाक्टरकीला हाय. तिच्या मागं ह्ये नाव लागंल. नाव चिकटलं की कसं आसतं, त्ये तुझ्याबिगर कुनाला म्हाईत?"

प्रयागबाई उठली. ती सायमाकडे गेली, बाण पुसता येतील का म्हणून विचारलं. सायमा म्हणाली, "मावशी, बाणांवरच डोस बेतलाय. नकाशा ग्रामसभेत दाखवल्याशिवाय डोसाला मंजुरीच नाही." तिसऱ्या दिवशी चंद्रकलेनं आपणहून बांधावरची काटेरी फांदी बाजूला ओढली आणि घुशीला आत घेतलं. कळ्या फुगायला लागल्या होत्या, आता थांबून चालणार नव्हतं.

ग्रामसभा शाळेच्या पटांगणात भरली. भिंतीएवढ्या पडद्यावर ओढ्याकाठचा एक ठिपका लाल झाला आणि तिथून बाण निघाला. पाचशे डोकी एकदम चंद्रकलेकडे वळली. ती खांबाला टेकून बसली होती, डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढून.

दिगंबर उठला. "झालं समाधान? तीस वर्षं माझ्या आईचं नाव घेतलंत. आता खरं नाव घ्या. चंद्री म्हणा ह्याला!"

मागून कुणीतरी हसलं. "चंद्री माजली!" आणखी दोघं-चौघं हसले. ही तीच सभा होती, प्रयागबाईनं मनात कितीदा भरवलेली. फक्त मान खाली घालून बसलेलं माणूस दुसरं होतं.

ती गुडघ्यावर हात टेकून उठली.

"सायमाबाई, चंद्रकलेच्या वावरातनं बाण किती निघालेत?"

"एक."

"कुठं गेलाय?"

"तुमच्या वावरात."

"आन् गावाला बाण कुठनं गेलेत?"

सायमानं पडद्याकडे बघितलं. "तुमच्या वावरातून. सगळे."

"मग?" प्रयागबाई लोकांकडे वळली. "ही माझ्या वावरात एकटी आली, मी खाटंवर पडले व्हते तवा. तुमच्यातली कुनी आली नव्हती. तिनं एका घरी नेलं. गावभर पसरवलं त्ये मी. सावड मी बोलावली, खुरपी माझ्या चिखलात भरली. मशीन काय खोटं बोलत न्हाई. नाव बरोबर हाय. ऱ्हाऊ द्या."

"आई!" दिगंबर कळवळून म्हणाला. "अगं, मी शाळेत..."

"दिगू, तवा तू माझ्या पोटात व्हतास. ही आली नसती तर मी खुरपं घिऊन उठले आसते. मग ना तू आसतास, ना तुझी शाळा."

दिगंबरनं चंद्रकलेकडे एकदा बघितलं आणि तो खाली बसला. नंतर कुणी हसलं नाही. मंजुरीला हात वर झाले आणि सभा नेहमीसारखी पाण्याच्या पाळीवर भांडायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रयागबाई खुरपं आणि भाकरी घेऊन चंद्रकलेच्या वावरात हजर झाली.

"सावड फेडायला आलेय," तिनं सांगितलं.

"येडी का खुळी? चार दिसानी डोस द्यायला मशीन येतंय. आन् खुरपं लावायचं न्हाई म्हनलेत."

"प्रयागीला लावायचं न्हाई म्हनलेत. चांदवेल हाय, तांदुळजा हाय. मशीन येऊन गेलं की मला फेडायला काय उरंल?"

दोघी शेजारी शेजारी पात धरून बसल्या. जांभळ्या कळ्यांची झुडपं तेवढी उभी ठेवायची आणि बाकीचं तण काढायचं. असलं उलटं खुरपण त्यांनी जन्मात केलं नव्हतं. कुठलं झुडूप सोडायचं यावरून एकदा वाद झाला, एकदा काटा बोचला, आणि चटणीचा विषय निघाला तेव्हा दोघींना एवढं हसू आलं की खाली मातीत बसावं लागलं. प्रयागबाईला वाटलं, हे दिवस परत येत नाहीत ते खरंच. चार दिवसांनी तण जाईल, मग दोघींनी एका ओळीत बसायला काही निमित्तच राहणार नाही. पण आज होतं.

गुडघे दुखत होते म्हणून ती मागे पडली. चंद्रकला वाकलेल्या पाठीनंही पुढे गेली, पातीच्या टोकाला पोचली. सावडीत रीत अशी होती की जिची पात आधी संपेल तिनं मागे राहिलेलीच्या पातीत समोरून शिरायचं आणि अर्धी वाट उरकून द्यायची. चंद्रकला मुकाट्यानं वळली आणि प्रयागच्या पातीचं दुसरं टोक धरून तिच्याकडे सरकायला लागली.

प्रयागबाईनं मान वर केली. "ए चंद्रे! मी फेडायला आलेय, आन् तू परत चढवायलीस व्हय?"

"मग उद्या ये की," चंद्रकला म्हणाली, आणि हात न थांबवता तशीच पुढे येत राहिली.